तालुक्याच्या गावातून मद्यमुक्तीच्या गटाला जाणे : ओळख, भाषा आणि पहिली मीटिंग

प्रश्न : वसुलीवाला

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि तेथील पतसंस्थेत वसुली विभागात नोकरी करतो. वय ४३. दारू पुष्कळ वर्षांची आहे. पूर्वी ती शनिवारपुरती होती, मग रोज संध्याकाळची झाली आणि अलीकडे सकाळी उतारा घेतल्याशिवाय पावतीपुस्तकावर सही नीट उमटत नाही. दरवर्षी मी श्रावण पाळतो आणि तो पाळता येतो, एवढ्यावरच मनात आणले तर सुटेल अशी घरच्यांची व माझीही समजूत होती. यंदा श्रावणाचा पहिला आठवडाही निभावला नाही. वडील वारकरी आहेत, ते माळ घाल म्हणतात. परंतु घातलेली माळ त्यांच्या डोळ्यांदेखत मोडावी लागली तर काय, या विचाराने मी ते टाळत आलो आहे.

दारू सोडू इच्छिणाऱ्यांचे गट असतात, तेथे सगळे आपापले अनुभव सांगतात, इतके ऐकून आहे. आमच्या गावात असा गट असल्याचे माझ्या तरी कानावर नाही. तो शोधायचा कसा, तेथे नावनोंदणी होते का, पैसे किती लागतात, मराठीत बोललेले चालते का आणि पहिल्याच दिवशी उभे राहून बोलावे लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. खरी धास्ती मात्र वेगळी आहे. माझे काम दारोदार जाऊन थकबाकी मागण्याचे आहे. त्या खोलीत माझाच एखादा थकबाकीदार कर्जदार समोर बसलेला निघाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात मी कोणत्या तोंडाने उभा राहू?

उत्तर : फक्त आज

आपण ज्या गटांविषयी ऐकले ते बहुधा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे, म्हणजे ए.ए.चे असावेत. मी अनेक वर्षे या गटांत जातो, त्यामुळे माहितीचे आहे तेवढे लिहितो.

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही अट्टल मद्यपी, एकमेकांशी बोलत राहिल्याने दारूपासून दूर राहू शकले, आणि तेथून हे सुरू झाले. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे आणि देशाचे सेवा कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर चौकशीचे क्रमांक मिळतात. फोन उचलणारा माणूस बहुतेक वेळा पगारी कर्मचारी नसून स्वतः दारू सोडलेला सभासदच असतो, म्हणून बोलताना अवघडू नये. नाव सांगण्याची गरज नाही. गाव किंवा जवळचे मोठे ठिकाण सांगितले तरी पुरते. चार गोष्टी मात्र आठवणीने विचारून घ्या : मीटिंग मराठीत असते का, वार आणि वेळ कोणती, ती खुली (कोणालाही बसता येईल अशी) आहे की बंद (फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी), आणि इमारतीत नेमकी कोणती खोली. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण या गटांची स्वतःची जागा क्वचितच असते. शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह, समाजमंदिराची मागची खोली अशा भाड्याच्या जागेत मीटिंग भरते आणि बाहेर ठळक पाटी असेलच असे नाही. फाटकापर्यंत येऊन, कोणाला विचारायचे हे न कळल्याने परत गेलेली माणसे मला ठाऊक आहेत. आपण येणार असे आधी कळवले, तर कोणीतरी फाटकाशी थांबते.

नोंदणी नसते, हजेरीपट नसतो, वर्गणी नसते. दारू सोडण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट. मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते. त्यात सभासद स्वेच्छेने पैसे टाकतात आणि त्यातून खोलीचे भाडे, चहा व पुस्तिकांचा खर्च भागतो. नव्या माणसाने ती पुढच्याच्या हाती द्यावी, कोणी बघत नाही. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही असा या संघटनेचा दंडक आहे, त्यामुळे एखाद्या पुढाऱ्याच्या सौजन्याने भरलेली मीटिंग आपल्याला दिसणार नाही. आपल्याकडे ही गोष्ट दुर्मिळच म्हणावी.

पहिल्या मीटिंगचे स्वरूप साधारण असे असते. गावच्या गटात माणसे थोडी असतात. शाळेची खोली असेल तर आपण गुडघे बाकाखाली कसेबसे कोंबून बसतो, समोरच्या टेबलावर पुस्तिका मांडलेल्या असतात आणि भिंतीवर त्या दिवसापुरती टांगलेली बारा पायऱ्यांची (सभासदाने स्वतः आचरायचा क्रम) व बारा परंपरांची (गट चालवण्याची तत्त्वे) कापडे असतात. सुरुवातीला प्रार्थना व थोडे वाचन होते आणि मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून, मी अल्कोहोलिक आहे असे म्हणून, पाच-दहा मिनिटे बोलतो. मध्येच कोणी तोडत नाही, प्रश्न विचारत नाही, उपदेश करत नाही. आपली पाळी आली तर ‘मी आज फक्त ऐकणार आहे’ एवढे म्हणावे. तेही जमले नाही तर हात जोडावेत. काही जण महिनोन्‌महिने बोलत नाहीत. पुष्कळांना पहिल्या दिवशी जे ऐकू येते ते एवढेच की गादीखाली, पाण्याच्या टाकीमागे, गाडीच्या डिकीत बाटली लपवणारे आपण एकटे नव्हतो.

आता थकबाकीदाराचा प्रश्न. तो तेथे दिसला, तर तोही याच दुखण्यासाठी आला आहे आणि लपवायचे जितके आपल्याला आहे तितकेच त्यालाही आहे. खोलीत ऐकलेले खोलीतच ठेवायचे, ही परंपरा आहे; तिला कायद्याची सक्ती नाही, तरी ती पाळली जाते, कारण ती मोडली तर प्रत्येकाचेच उघडे पडते. आपणही एक पथ्य पाळावे : त्या फाटकाच्या आत हप्त्याचा विषय काढू नये. शिवाय थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. ज्या गावात आपण रोज वसुलीला फिरता, त्या गावाला आपल्या तोंडाचा वास ठाऊक नाही असे आपल्याला खरोखर वाटते का? परमिट रूममधून बाहेर पडताना आपल्याला दहा जणांनी पाहिलेले आहे, आणि त्याची भीती आपण आपल्या प्रश्नात कोठेही लिहिलेली नाही. गावाला ठाऊक नाही ते इतकेच की आपल्याला आता सोडायची आहे. तरीही पहिल्या काही वेळा संकोच जात नसेल, तर शेजारच्या तालुक्यातील किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचा गट निवडा. बरेच जण तसेच करतात आणि त्यात कमीपणा नाही.

उत्तर : मनोविकार ओपीडी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. वरील उत्तर उत्तम आहे, परंतु त्याआधीची एक पायरी राहून गेली आहे आणि प्रश्नकर्त्याच्या बाबतीत ती सर्वांत महत्त्वाची आहे. सकाळी उतारा घेतल्याशिवाय सही उमटत नाही, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झाले आहे. अशा माणसाने मीटिंगला जायचे म्हणून आदल्या दिवशी एकदम बंद करणे धोक्याचे ठरू शकते. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांतच थरथर, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना भ्रम होतो, नसलेली माणसे व किडे दिसू लागतात, ताप चढतो, दिवस-रात्रीचे भान सुटते. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास तीत मृत्यू होऊ शकतो. घरचे लोक तिला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेतात आणि नेमके मोलाचे तास वाया जातात. यापूर्वी कधी फिट आली असेल, तर घरी सोडण्याचा प्रयोग मुळीच करू नये.

म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात किंवा खासगी तज्ज्ञाकडे आधी दाखवा. काही दिवसांपुरती व क्रमाने कमी करत नेलेली औषधे दिली की हा टप्पा बहुतेकांना सुखरूप पार करता येतो, आणि सगळ्यांनाच दाखल व्हावे लागते असे नाही. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, देणे आवश्यक असते; दीर्घकाळ पिणाऱ्यांत ते फार कमी झालेले असते आणि त्याअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आला म्हणून गावच्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तेथे ‘मी रोज पितो’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे ते थायमिन आधी देतील.

दुसरी सूचना घरच्यांसाठी. ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्थानकांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. डायसल्फिरम हे उपयुक्त औषध आहे, परंतु ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते. ते रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखालीच द्यायचे असते. भाजीत कालवून कदापि नाही. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन व अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधेही आहेत, आणि यकृत व मूत्रपिंडाची स्थिती पाहून त्यांपैकी कोणते द्यायचे ते ठरवता येते.

गट आणि औषध यांत एक निवडावे लागत नाही. एखाद्या सभासदाने ‘गोळ्या कशाला, त्याही नशाच’ असे म्हटले, तर ते त्याचे वैयक्तिक मत समजावे. सभासदाने डॉक्टर होऊ नये, असे ए.ए.चे स्वतःचे साहित्यच सांगते. गोपनीयतेबद्दल म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित मनोविकारांचाही समावेश आहे आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला त्याच कायद्याने दिला आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. टेलिमानसवर मराठीत बोलता येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळतो. प्रश्नकर्त्याने विचारणा केली, याला म्हणूनच महत्त्व आहे.

उत्तर : सहप्रवासी

दादा, मी पिणाऱ्याची बायको या नात्याने लिहिते आहे. आपण वडिलांविषयी लिहिलेत, परंतु वहिनींविषयी एक शब्द नाही. आपला गट आपल्याला सापडेल. त्यांच्यासाठीही गट आहे हे त्यांना सांगा. अल-अनॉन ही कुटुंबीयांची संघटना १९५१ पासून चालत आली आहे आणि मुंबई-पुण्याकडे तिच्या मराठी मीटिंगा होतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. हे केंद्र १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने उभे केले. तेथे पस्तीस दिवस राहून उपचार घेता येतात. घरी राहून जमत नाही असे दिसले, तर तोही मार्ग आहे.

मी प्रथम गेले ती ‘यांची दारू कशी सोडवायची’ हे विचारायला. तेथे माझ्या त्या प्रश्नाला कोणी उत्तरच दिले नाही, त्यामुळे सुरुवातीला मला राग आला. बायका बोलत होत्या त्या स्वतःविषयी : साहेबांना फोन करून ‘यांना ताप आहे’ असे सांगणे, पगाराच्या दिवशी बसस्टॉपवर जाऊन उभे राहणे, बाटलीवर पेनने खूण करून ठेवणे, जेवताना मुलांना गप्प बसवणे. यांतले काय मी करत नव्हते? हळूहळू फोन करणे मी बंद केले. तुमची रजा तुम्ही मागा, एवढेच मी त्यांना म्हणाले. घरात त्यावरून बरेच दिवस अबोला होता, पण कार्यालयातल्या प्रश्नांना त्यांना स्वतः तोंड द्यावे लागू लागले.

खुल्या मीटिंगला कुटुंबीयांना येता येते. वहिनींना एकदा घेऊन जा, मात्र बळेच नको. आणि त्या पहिल्याच महिन्यात आनंदाने नाचतील अशी अपेक्षा ठेवू नका. दर श्रावणात त्यांनी एकदा विश्वास ठेवलेला आहे.

उत्तर : चिकित्सक कोल्हापूर

थोडा वेगळा सूर लावतो. मी नास्तिक आहे आणि बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो, याचा मला पहिल्या दिवसापासून अडथळा होत आला. ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ अशी सवलत तेथे दिलेली आहे, आणि खोलीत बसलेली माणसे हीच माझ्याहून मोठी शक्ती असे मी स्वतःपुरते ठरवले. पण ही तडजोड प्रत्येकाला मानवेल असे नाही. आपल्यासारख्या वारकरी घरातील माणसाला कदाचित हा भाग उलट ओळखीचा वाटेल.

गटांचे गोडवे गाताना हेही सांगायला हवे की सर्व गट सारखे नसतात. कोठे एकच ज्येष्ठ सभासद पाऊण तास बोलत राहतो, कोठे जुन्या पिण्याच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगितल्या जातात की ऐकणाऱ्याला ओढ लागावी, आणि बहुतेक ठिकाणी स्त्रिया नसतात किंवा एखादीच असते, त्यामुळे नव्या स्त्रीला तेथे बसणे अवघड जाते. एका मीटिंगवरून संपूर्ण पद्धतीबद्दल मत बनवू नये. दोन-तीन निरनिराळ्या गटांत, प्रत्येक ठिकाणी निदान काही वेळा जाऊन पाहावे आणि मग ठरवावे. समुपदेशकाबरोबरची वैयक्तिक सत्रे हाही स्वतंत्र व प्रतिष्ठित मार्ग आहे.

एवढे म्हणूनही पुराव्याची बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे ठरेल. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. बारा पायऱ्यांच्या गटांकडे माणसाला पद्धतशीरपणे वळवणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या कसोटीवर, इतर मान्य मानसोपचारांपेक्षा काहीसे सरसच ठरले. मला ते वाचून आनंद झाला नाही, पण आकडे आपल्या सोयीने बदलत नाहीत. मी अजूनही जातो. प्रार्थनेच्या वेळी उभा राहतो, ओठ हलवत नाही. कोणी आक्षेप घेतलेला नाही.

वसुलीवाला

सर्वांचे मनापासून आभार. जिल्हा रुग्णालयात दाखवून आलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि त्या पत्नीच्या हाती ठेवायला सांगितल्या आहेत. गटाच्या क्रमांकावरही फोन केला. पलीकडचे गृहस्थ माझ्यापेक्षा जास्त बोलले आणि त्यामुळे मला बरे वाटले. जवळची मराठी मीटिंग रविवारी संध्याकाळी दुसऱ्या गावी आहे. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आणि मीटिंग संपण्याची वेळ जवळजवळ एकच आहे. मधल्या सहा दिवसांचे काय करावे, हा एक प्रश्न आहे. दुसरे असे की मार्चअखेरची वसुली पूर्ण झाली की आमच्याकडे सगळे मिळून धाब्यावर जातात. तेथे न जावे तर साहेब विचारतील, आणि जावे तर काय होईल ते मला ठाऊक आहे.

उत्तर : फक्त आज

रुग्णालयात जाऊन आलात हे फार चांगले झाले. गोळ्यांचा क्रम डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

मधल्या दिवसांसाठी पहिला आधार फोनचा. रविवारी दोघा-तिघांचे क्रमांक घ्या आणि पिण्याची इच्छा होण्याआधी फोन करा. एकदा ग्लास हातात आला की कोणी फोन करत नाही. पुढे त्यांपैकी ज्याच्याशी सूर जुळेल आणि जो बराच काळ दारूशिवाय राहिला आहे, त्याला स्पॉन्सर, म्हणजे नव्या सभासदाला वाट दाखवणारा जुना सोबती, व्हाल का असे विचारता येते. घाई नको. दुसरा आधार ऑनलाइन मीटिंगांचा. करोनाच्या काळात त्या मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्या आणि मराठीतही होतात. कॅमेरा बंद ठेवून, फक्त पहिल्या नावाने बसता येते. खोलीत बसण्याची सर त्यांना नाही, पण बुधवारी संध्याकाळी सात वाजता घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा ते निश्चितच बरे. आणि ती सातची वेळ सांभाळा. वसुलीवरून उपाशी, चिडलेले आणि थकलेले परत येता, तेव्हा वाटेत परमिट रूम लागते. म्हणून चारच्या सुमारास पोटात काहीतरी घाला आणि शक्य असेल तर रस्ता बदला.

धाब्याचे सांगायचे तर पहिल्या वर्षी जाऊ नये, असे माझे मत आहे. ‘औषध चालू आहे, डॉक्टरांनी मनाई केली आहे’ हे कारण आपल्या बाबतीत शब्दशः खरे आहे आणि साहेबांना त्यापुढे काही विचारता येत नाही. एक घोट घेतल्याने काय होते, असे म्हणणारा सहकारी भेटेलच. त्याच्याशी वाद घालू नका, विषय बदला. आखाडात गटारीच्या संध्याकाळीही हेच करावे लागेल, आणि त्या संध्याकाळी कोठे मीटिंग आहे याची चौकशी आठवडाभर आधी करून ठेवा.

एसटीची अडचण फोनवरच्या गृहस्थांना आधी सांगा. दुचाकी किंवा गाडी असलेला कोणीतरी सभासद स्थानकापर्यंत किंवा आपल्या फाट्यापर्यंत सोडतो, हे बहुतेक गटांत सहज घडते. तशी सोय झाली नाही, तर संपण्याच्या वीस मिनिटे आधी उठून निघा. कोणी कारण विचारणार नाही. फक्त दाराजवळच्या बाकावर बसा, म्हणजे बोलणाऱ्याच्या समोरून जावे लागणार नाही.